२००२ ची सॅटर्न एसएल-१ मिळतेय, घेऊ का? ही गाडी कोणी वापरली आहे का?

नवखा_नॉक्सव्हिल

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा, गेल्या ऑगस्टपासून टेनेसीत नॉक्सव्हिलला एमएस करतोय. इथे बस आहे म्हणायला आहे. पण रविवारी किराणा आणायचा तर कोणाच्या तरी गाडीत मागच्या सीटवर तांदळाच्या पोत्याशेजारी दुसरं पोतं होऊन बसावं लागतं. म्हणून जुनी गाडी शोधतोय. बजेट पंधराशे डॉलर. हसू नका.

आमच्या गल्लीत एक आजी राहतात, शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त. डोळ्यांमुळे त्यांना गाडी चालवणं सोडावं लागलंय. त्यांची २००२ ची सॅटर्न एसएल-१ आहे, ऑटोमॅटिक, १ लाख ३१ हजार मैल झालेली. पहिल्यापासून त्यांचीच. बाराशे मागतात. पावत्यांचा एक बुटाचा खोका आहे, पहिल्या ऑइल चेंजपासूनचा एकूण एक कागद त्यात.

आता अडचण. मी या कंपनीचं नावच कधी ऐकलं नव्हतं. रूममेट म्हणतो कंपनी बंद पडून जमाना झाला, पार्ट मिळणार नाहीत, आणि दारं प्लास्टिकची आहेत. मी जाऊन वाजवून बघितलं. खरंच, टणटण नाही, टपटप वाजतं. आईला व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली, तिने नाव विचारलं, मी नावाचा अर्थ सांगून बसलो. तेव्हापासून घरी गाडीचा विषय बंद आहे.

तर सांगा: ही कंपनी होती कोणाची, बंद का पडली, गाडी कशी आहे आणि घेण्याआधी काय बघू?

पिंपळपान

सरळ कोरोला घे. विषय संपला.

नवखा_नॉक्सव्हिल

पंधराशेत कोरोलाचं स्टिअरिंग येईल फार तर. तेही कव्हर सोडून.

शनिपारकरीण

हा धागा मला पुतण्याने पाठवला, "आत्या, तुझा विषय निघालाय" म्हणून. अधिकार सांगते आधी. जन्म पुण्यात शनिपाराजवळच्या वाड्यात. आयुष्यातली पहिली गाडी सॅटर्न. दोन्हींत माझी निवड किती ते विचारू नका.

मी १९९७ साली ओहायोत कोलंबसला आले, वायटूकेच्या (२००० साल लागताना संगणक गोंधळतील या भीतीच्या) लाटेत. एका विमा कंपनीच्या कोबोल प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोन आकडे काढून चार घालायचे, हे काम. पुण्यात लूना चालवलेली, चारचाकी कधीच नाही. इथे शिकले, तिसऱ्या परीक्षेत लायसन्स मिळालं, आणि गाडी बघायला निघाले. बरोबर ऑफिसातला एक सहकारी, कारण सगळ्यांनी सांगितलं होतं की एकटी बाई शोरूममध्ये गेली तर कापतात. ते खरंही निघालं. दोन ठिकाणी (नावं घेत नाही) विक्रेता माझ्याकडे न बघता त्या सहकाऱ्याशीच बोलत राहिला. एकाने चार वेळा आत जाऊन "मॅनेजरशी बोलून येतो" केलं, आणि दरवेळी किंमत कागदावर खाली आणि हप्ता मात्र वर. मी तुळशीबागेत घासाघीस शिकलेली मुलगी. पण तिथे समोरच्याला निदान माल किती रुपयांचा आहे ते दोघांनाही ठाऊक असतं.

मग सॅटर्नच्या शोरूममध्ये गेले. काचेवर पाटी, पाटीवर किंमत, आणि तीच किंमत. घासाघीस नाहीच. सगळ्यांना तीच. विक्रेती बाई होती, साधारण माझ्याच वयाची. तिने मला बसवून घेतलं, चावी दिली आणि म्हणाली, जा, फिरवून आण. मी म्हटलं, मला लायसन्स मिळून नऊ दिवस झालेत. ती म्हणाली, मग मीही येते, पट्टा लावते. एसएल-१, गडद हिरवी, ऑटोमॅटिक, साडेबारा हजारांच्या आसपास. मार्च १९९८.

गाडी द्यायच्या दिवशी तिथे एक पद्धत असायची. शोरूममधली सगळी माणसं, अगदी मागच्या वर्कशॉपमधला हात पुसत आलेला मेकॅनिकसुद्धा, गाडीभोवती गोळा होणार, टाळ्या वाजवणार, तुमचा गाडीबरोबर फोटो काढणार. मी हळद-कुंकू, नारळ आणि लिंबू घेऊन गेले होते. बॉनेटवर स्वस्तिक काढलं. नारळ फुटपाथच्या कडेवर फोडला, तिसऱ्या दणक्याला फुटला, पाणी विक्रेतीच्या बुटांवर. लिंबू चाकाखाली ठेवलं. टाळ्या वाजवायला जमलेली माणसं गोंधळून उभी, टाळ्या कधी वाजवायच्या कळेना. मी गाडी लिंबावरून पुढे घेतली, फच्च झालं, आणि मग त्यांनी जे टाळ्या वाजवल्या! तो पोलरॉइड माझ्याकडे अजून आहे. त्यात माझा चेहरा कमी आणि कुंकू जास्त दिसतं.

त्या रात्री पुण्याला फोन केला. आईचा पहिला प्रश्न, कुठली गाडी? सॅटर्न. म्हणजे काय? म्हटलं शनी. पलीकडे शांतता. आयएसडीचा मिनिटाचा दर तेव्हा जीव घ्यायचा, त्यातली अर्धी मिनिटं गप्प बसण्यात गेली. मग म्हणाली, "बाई गं, बाकीचे आठ ग्रह काय संपले होते?" मी सांगायचा प्रयत्न केला की नाव ग्रहावरून नाही, चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न रॉकेटवरून आहे. ती म्हणाली, आणि रॉकेटचं नाव कशावरून? गप्प बसले.

(नवख्या, तुझ्या आईला सांग, बुधाचीही गाडी होती. फोर्डची मर्क्युरी. शेवटची मर्क्युरी जानेवारी २०११ मध्ये बाहेर पडली. म्हणजे बुध शुभ म्हणून तोही काही वाचला नाही.)

आता कंपनीबद्दल. ही जनरल मोटर्सचीच. ऐंशीच्या दशकात होंडा-टोयोटाच्या छोट्या गाड्यांनी अमेरिकन कंपन्यांना घाम फोडला होता. जीएमचे तेव्हाचे प्रमुख रॉजर स्मिथ यांनी ठरवलं की जुन्या घरात राहून हे जमणार नाही, वेगळं बिऱ्हाड करू. जानेवारी १९८५ मध्ये सॅटर्न ही वेगळी कंपनी काढली. कारखाना डेट्रॉईटपासून लांब, तुझ्याच टेनेसीत, नॅशव्हिलच्या खाली स्प्रिंग हिल या खेड्यात. कामगार संघटनेशी करारही वेगळा: कामगारांच्या छोट्या टोळ्या, कामाची आखणी त्यांनीच करायची, आणि पगाराचा काही हिस्सा कामगिरीशी बांधलेला. पहिली गाडी ३० जुलै १९९० ला बाहेर पडली. स्मिथ आणि संघटनेचे अध्यक्ष ओवेन बीबर यांनी मिळून ती चालवत बाहेर आणली, आणि दुसऱ्याच दिवशी स्मिथ निवृत्त झाले. घर बांधून वास्तुशांत केली आणि दुसऱ्या दिवशी काशीला गेले, तसं. सासू गेल्यावर घरात काय होतं ते पुढे येईलच.

सुरुवातीला एक प्रकरण झालं, त्यावर या कंपनीची अर्धी पुण्याई उभी आहे. १९९१ साली काही गाड्यांत सदोष कूलंट भरला गेला, इंजिनाला आतून खाणारा. १,८३६ गाड्या. रीतसर कंपनी काय करते? बोलावते, धुऊन पुसून परत देते. यांनी गाड्याच बदलून दिल्या. कोऱ्या. ही गोष्ट मी घेतली तेव्हा सात वर्षं जुनी होती, आणि तरी शोरूममध्ये कोणी ना कोणी ती सांगायचंच, आजोबांच्या स्वातंत्र्यलढ्यासारखी. १९९४ साली स्प्रिंग हिलला मालकांचं संमेलन भरवलं तर चाळीस हजारांवर माणसं आली. गाडी बनते कुठे ते बघायला! पंढरीची वारीच ती. मी तेव्हा पुण्यात होते, पण ज्या जोडप्याने मला ड्रायव्हिंग शिकवलं ते गेलं होतं. त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेवरचा स्टिकर कोणी खरवडू लागलं तर भांडायचे.

गाडी खरं तर साधी. १.९ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, माझ्या एसएल-१ मध्ये शंभर अश्वशक्तीचं. हायवेला चढ लागला आणि एसी चालू असला की आवाज करायची, मिक्सरमध्ये ओलं खोबरं घातल्यासारखा. पण दारं आणि मडगार्डं पॉलिमरची. त्याला प्लास्टिक म्हणा हवं तर, मला राग येत नाही. किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये ट्रॉली येऊन धडकायची, दार आत जायचं आणि परत बाहेर यायचं. ओहायोत चार महिने रस्त्यावर मीठ टाकतात. बरोबरीच्यांच्या गाड्यांची दारं खालून कुरतडल्यासारखी व्हायची, माझी अकरा वर्षांनंतरही नितळ. बॉनेट, टप आणि डिकीचं झाकण मात्र पत्र्याचं, ते लक्षात ठेव. आणि दारांच्या फटी बघून घाबरू नकोस. प्लास्टिक उन्हात फुगतं, म्हणून फटी मुद्दामच रुंद ठेवलेल्या असतात. माझ्या वडिलांचा अंगठा जायचा त्या फटीत. इथे आले तेव्हा त्यांनी घालून बघितला होता.

आता तेल. हे नीट वाच.

या एस मालिकेच्या (एसएल-१ त्यातलीच) इंजिनांचा एक स्वभाव सगळ्या जुन्या मालकांना ठाऊक आहे: वय झालं की ऑइल पितात. पिस्टनच्या तळाकडच्या रिंगेत काजळी साचते, रिंग अडकते, आणि ऑइल खाली न जाता जळून जातं. गळत नाही, जमिनीवर थेंब नाही, धूरही फारसा नाही. म्हणून कळत नाही. मला हे ठाऊक नव्हतं, कारण मी ऑइलकडे बघायचीच नाही. काचेवर ऑइल चेंजचा स्टिकर असतो, त्यावरची तारीख आली की जायचं, एवढंच माझं ज्ञान. २००५ साली दिवाळीच्या कार्यक्रमाला कोलंबसहून क्लीव्हलंडला निघाले. मागे डब्यात दीडशे करंज्या. रॅम्पवरून वळताना डॅशबोर्डवर लाल ऑइलचा दिवा चमकला आणि विझला. पुढच्या वळणाला पुन्हा. थांबले. जरीची साडी, वर कोट, बॉनेट उघडलं, डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढली. कोरडी. टोकाला एक काळा थेंब, नाकातल्या चमकीएवढा. चार क्वार्ट (सुमारे पावणेचार लिटर) ऑइल मावणारं इंजिन, त्यात पेट्रोल पंपावरून आणलेल्या तीन बाटल्या गेल्या. चूक पूर्ण माझी. इंजिनाने तरीही साथ सोडली नाही, हे त्याचे उपकार.

परत आल्यावर एका गॅरेजने सांगितलं, इंजिन गेलं, अडीच हजार. दुसऱ्या गॅरेजात एक म्हातारा मेकॅनिक होता, त्याने टेलपाइपमध्ये बोट घालून काजळी बघितली आणि म्हणाला, हिला काही झालेलं नाही, हिला भूक लागते, घालत जा. मी हे आईला फोनवर सांगितलं. ती इतकी शांतपणे म्हणाली की मला आजही ऐकू येतं: "मग? शनीला दर शनिवारी तेल घालायचं असतं, एवढं शनिपारावर वाढून तुला ठाऊक नाही?"

त्यानंतर सहा वर्षं, दर शनिवारी सकाळी, इंजिन थंड असताना, सपाट जागेवर, डिपस्टिक काढायची, पुसायची, बुडवायची, बघायची. हजार मैलांना क्वार्टभर लागायचं. ५डब्ल्यू-३० ग्रेडचं, जे स्वस्त असेल ते. शेजारीण विचारायची, तुमच्या धर्मात आहे का हे? मी हो म्हणायची. सोपं पडायचं.

२०११ साली विकली. १ लाख ८७ हजार मैल. नऊशे डॉलर, एका विद्यार्थ्याला, बरोबर ऑइलच्या चार बाटल्या फुकट.

तर नवख्या, घे. पण आजींकडे जाशील तेव्हा आधी डिपस्टिक बघ. आणि शेवटचा ऑइल चेंज कधी झाला ते पावतीवर बघून हिशेब कर, मधे किती प्यायली ते.

नवखा_नॉक्सव्हिल

ताई, हे वाचून मी गाडीपेक्षा तुमच्या आईंच्याच जास्त प्रेमात पडलोय. पण एवढी माणसं खूश होती तर बंद का पडली?

चौथा_गिअर

शनिपारकरीण यांनी पुण्याई सांगितली, मी वही उघडतो. वीस वर्षं डेट्रॉईटजवळ गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात काढली आहेत, त्यामुळे जरा रूक्ष वाटेन.

सॅटर्नचं सर्वात चांगलं वर्ष १९९४. अमेरिकेत सुमारे २ लाख ८६ हजार गाड्या विकल्या. तिथून पुढे उतार. कारण सोपं: १९९१ पासून १९९९ पर्यंत दुकानात एकच माल. सेडान, कूपे, वॅगन, पण सांगाडा तोच, इंजिन तेच. वरून कपडे बदलले, १९९९ मध्ये कूपेला ड्रायव्हरच्या बाजूने तिसरं दार दिलं, गंमत म्हणून ठीक. पण ज्याने १९९२ साली एकटा असताना एसएल घेतली, त्याचं लग्न झालं, दोन मुलं झाली, तो पुढची गाडी घ्यायला त्याच शोरूममध्ये आला, तर त्याला दाखवायला मोठी गाडीच नाही. तो गेला होंडाकडे, अ‍ॅकॉर्ड घेऊन आला. जपान्यांकडून ओढून आणलेलं गिऱ्हाईक परत जपान्यांच्या दारात नेऊन सोडल्यासारखं झालं.

पैसे का दिले नाहीत? कारण घरात बाकीची भावंडं होती. शेवरोले, पॉन्टिअ‍ॅक, ओल्ड्समोबिल. धाकट्याच्या वेगळ्या बिऱ्हाडासाठी पाच अब्ज डॉलरची घोषणा झाली होती, आणि यांच्या गाड्या मात्र जुन्या ठिगळांवर. स्मिथ गेल्यावर पाठराखण करणारं कोणी उरलं नाही. शिवाय सॅटर्न एवढ्या खर्चाच्या मानाने कधी धड पैसा करत नव्हती. घेणारे खूश, विकणारे खूश, फक्त हिशेब लिहिणारा रडतोय, असा धंदा.

मोठी गाडी आली ती २००० सालची एल मालिका. ती मुळात जर्मन ओपेल व्हेक्ट्रा, तीही स्प्रिंग हिलला नाही, डेलावेअरला बनायची. मग व्ह्यू आणि आयॉन ही मॉडेलं आली. कामगारांचा वेगळा करारही २००४ च्या सुमारास गुंडाळला. मार्च २००७ मध्ये स्प्रिंग हिलला शेवटची सॅटर्न झाली. शेवटी शेवटी ऑरा आली, २००७ ची नॉर्थ अमेरिकन कार ऑफ द इयर, चांगली होती. स्काय ही दोन सीटची उघडी गाडी देखणी होती. आणि अ‍ॅस्ट्रा तर बेल्जियममधून ओपेलचा बिल्ला काढून आणलेली. आपल्याकडे १९९६ साली ओपेल अ‍ॅस्ट्रा आली होती आठवतं? तिचीच दोन पिढ्यांनंतरची नात. म्हणजे जपान्यांना हरवायला काढलेली अस्सल अमेरिकन गाडी, आणि शेवटी दुकानात परदेशी पाहुणी बसवलेली.

१ जून २००९ ला जीएम दिवाळखोरीत गेली. त्याच आठवड्यात रॉजर पेन्स्की, म्हणजे रेसिंगवाले, ज्यांच्या मोठमोठ्या डीलरशिप आहेत, ते सॅटर्न घ्यायला तयार झाले. बेत असा की नाव आणि दुकानं आपली, गाड्या दुसऱ्या कोणाकडून करून घ्यायच्या. रेनोशी बोलणी चालली होती. ३० सप्टेंबरला रेनोच्या संचालकांनी नाही म्हटलं, त्याच दिवशी पेन्स्की मागे फिरले, त्याच दिवशी जीएमने सॅटर्न बंद करत असल्याचं सांगितलं. एका रॉजरने सुरू केलेली, दुसऱ्या रॉजरच्या हातून निसटली.

गाडीबद्दल: एस मालिका तेव्हाच्या सिव्हिकपेक्षा चांगली होती असं मी म्हणणार नाही. सीट पातळ, तीन हजार आरपीएमच्या वर इंजिन कुरकुरतं. पण दुरुस्तीला अतिशय सोपी. टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं फिल्टर बाहेरून, ऑइल फिल्टरसारखंच फिरवून काढता येतं, पॅन खोलायची गरज नाही. अशी सोय आजच्या गाड्यांत शोधून दाखवा. रिव्हर्स टाकताना धाडकन दणका बसतो का ते बघ. या गिअरबॉक्सची ती ओळखीची खोड आहे, व्हॉल्व बॉडीचं (गिअर बदलायला ऑइलचा दाब वळवणाऱ्या भागाचं) काम निघतं. झिजणारे पार्ट सगळे मिळतात. मडगार्ड किंवा दार हवं असेल तर भंगारवाल्याकडेच जावं लागेल.

आणि आजींची एसएल-१ आहे म्हणून ठीक. कोणी आयॉन दाखवली तर आधी रिकॉल (दोषामुळे कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं) बघ. २००३ ते २००७ च्या आयॉन इग्निशन स्विचच्या त्या मोठ्या २०१४ च्या रिकॉलमध्ये आहेत. चावी सरकून इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅग उघडायच्या नाहीत. माणसं दगावली आहेत त्यात. तो स्विच बदललेला नसेल तर फुकट मिळाली तरी चालवू नकोस.

शनिपारकरीण

चौथा_गिअर, वही बरोबर आहे, भांडण नाही. एकाच ठिकाणी अडते. गाडी सिव्हिकपेक्षा चांगली नव्हती, मान्य. पण मी सिव्हिक बघायला गेले होते त्या शोरूममध्ये माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. सॅटर्न घेणाऱ्यांत बायका जास्त होत्या, हे तेव्हा सगळीकडे छापून यायचं, आणि ते काही हिरव्या रंगामुळे नव्हतं. तुमच्या वहीत "घासाघीस नाही" याला रकाना आहे का?

एक सांगते. माझा नवरा २००१ साली लग्न करून आला तो पट्टीचा कॅमरीवाला. त्याची कॅमरी सगळ्या बाबतींत सरस. त्याच्या डीलरकडे ऑइल चेंजला गेलं की कॉफी मिळायची, झालं. माझ्या डीलरकडे उन्हाळ्यात एका शनिवारी बार्बेक्यू असायचा. मी मांस खात नाही हे ठाऊक असल्याने तो वर्कशॉपवाला माझ्यासाठी कणसं वेगळ्या जाळीवर भाजायचा. कणसाला लिंबू-मीठ-तिखट मी लावायचे, दुसऱ्या वर्षी सगळेच मागायला लागले. २००९ च्या ऑक्टोबरात बातमी आल्यावर मी मुद्दाम गेले होते. तोच माणूस मागे बसून टूलबॉक्समधले पाने एकेक पुसून ठेवत होता. म्हणाला, घरी दोन मुलं आहेत, पुढच्या आठवड्यापासून कुठे ते ठाऊक नाही. मी काय बोलणार. तुम्ही म्हणता तो हिशेब लिहिणारा रडत होता, पण शेवटी रडायला लागलं ते याला.

नवख्या, स्प्रिंग हिल तुझ्यापासून तीन तासांवर आहे. तिथे आता कॅडिलॅक बनतात, विजेवरची लिरिकसुद्धा. गेलास तर गाडी घेऊन जा, तिला माहेर दाखव.

डॉजवाले_नाना

मध्ये तोंड घालतो, रागावू नका. बंद पडलेल्या अमेरिकन गाड्यांचा विषय आणि कुर्ल्याचं नाव नाही, हे बरोबर नाही. माझे वडील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फिटर होते. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली कंपनी काढली, क्रायस्लरशी करार केला. डॉज किंग्सवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट, तिन्ही नावं ऐकायला भारदस्त, पण गाडी एकच. वडील सांगायचे, रांगेतून गाडी पुढे आली की विचारायचे, ही आज कोण होणार? जो बिल्ला येईल ती. चौथा_गिअर यांनी ओपेलचा बिल्ला काढल्याचं लिहिलंय, ते वाचून हसलो. आमच्याकडे पन्नासच्या दशकातच हे झालं होतं.

डिसोटो अमेरिकेत १९६० च्या अखेरीस बंद पडली, प्लिमथ २००१ मध्ये. वडिलांना प्लिमथ बंद पडल्याचं मी पेपरात वाचून दाखवलं. तेव्हा ते ऐंशीचे. म्हणाले, "बरं झालं, डिसोटोला सोबत झाली." आमच्या घरी डिसोटोचा एक बिल्ला आहे, देवघराच्या वरच्या फळीवर. पितळी वाटतो पण नाही. दसऱ्याला त्यालाही झेंडूचं फूल मिळतं.

प्लास्टिकच्या दारांचं काय ते आम्हांला ठाऊक नाही. किंग्सवेचं दार लागलं की शेजारच्या चाळीत कळायचं.

पिंपळपान

मी कोरोला म्हणालो होतो. मागे घेतो. बिल्ल्याचा फोटो टाका नाना.

नवखा_नॉक्सव्हिल

अपडेट. काल शनिवार होता, मुद्दाम नाही, लेक्चर नव्हतं म्हणून. सकाळी नऊला आजींकडे गेलो. इंजिन थंड, अंगण सपाट. डिपस्टिक काढली, पुसली, बुडवली. ऑइल खालच्या खुणेच्या किंचित वर. शेवटची पावती सव्वादोन महिन्यांपूर्वीची, मधे सातशे मैल. म्हणजे पिते, शनिपारकरीण ताईंच्या गाडीसारखीच. रिव्हर्स टाकली, हलका धक्का बसला, दणका म्हणता येणार नाही. बॉनेटच्या पुढच्या कडेला गंजाचे दोन ठिपके आहेत. दारं नवीन असल्यासारखी. अंगठा फटीत जातो, घालून बघितला.

आजींनी किंमत अकराशे करू का विचारलं. मी घासाघीस केलीच नव्हती, त्यांनीच. मी म्हटलं बाराशेच घ्या. का म्हटलं मलाही कळलं नाही. मग त्यांनी डिकी उघडून ऑइलच्या तीन बाटल्या दाखवल्या, "या गाडीबरोबर जातात" म्हणाल्या.

आईला सांगितलं. आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, निदान काळी तरी नाही ना? निळी आहे म्हटल्यावर म्हणाली, शनीचा रंग निळाच असतो रे. आता सोमवारी नाव ट्रान्सफर करायला जातोय.

एक प्रश्न. पावत्यांच्या खोक्यात तळाशी दोन कोरी फिल्टरं निघाली, दोन्ही डब्यासारखी गोल, दोन्ही फिरवून बसवायची, जवळजवळ सारखीच. एकावर पेन्सिलने आजींनी काहीतरी लिहिलेलं पुसट झालंय. यातलं ऑइलचं कोणतं?

चौथा_गिअर

फोटो टाक, आकडे दिसतील असा. दुसरं गिअरबॉक्सचं असणार. अंदाजाने एकही लावू नकोस.

शनिपारकरीण

आणि आजींनाच विचार की. पलीकडच्या घरात आहेत ना त्या. जाताना काहीतरी गोड घेऊन जा.